डिझाइन शिकणाऱ्या मुलाला आपल्या दुकानाचे काम द्या

निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावात पूर्वी दुकानाची पाटी म्हणजे पेंटरचे काम असे. पत्र्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारायचा, खडू लावलेल्या दोरीने ओळी आखायच्या, अक्षरांची जागा बोटांनी मोजायची आणि मगच ब्रश उचलायचा. आपल्या समाजातील कित्येक घरे या कामावर चालली. पुढे फ्लेक्स आला, पाटी तासाभरात छापून मिळू लागली आणि ब्रशचे काम बसले. आज त्याच पेंटरचा मुलगा किंवा नातू कॉम्प्युटरच्या वर्गाला जातो, कोरलड्रॉ आणि फोटोशॉप शिकतो आणि काही महिन्यांनी सर्टिफिकेट घेऊन घरी येतो.

बाप विचारतो, "काय शिकलास, दाखव." मुलगा कुठल्यातरी परदेशी कॉफीच्या दुकानाची जाहिरात दाखवतो, किंवा जगात कुठेच नसलेल्या बुटांच्या कंपनीचे पोस्टर. चित्र छान असते, रंगही झकास असतात. पण उद्या बाजारातील एखाद्या दुकानदाराने त्याला विचारले की, "पाटी दहा बाय तीन फुटांची आहे, रस्त्याच्या पलीकडून वाचता यावी, अक्षर किती इंच ठेवशील?" तर पोरगा गप्प होतो. बापाला मात्र हे उत्तर तोंडपाठ असते. हत्यार मुलाच्या हातात आहे आणि आखणी बापाच्या डोक्यात. दोन्ही एका ठिकाणी आली नाहीत तर मुलाचे सर्टिफिकेट भिंतीवर राहील आणि बापाची विद्या त्याच्याबरोबर जाईल.

आपला जिल्हा लातूर पॅटर्नचा. हुशार मुलगा डॉक्टर किंवा इंजिनिअर होणार आणि ज्याला मार्क कमी पडले तो "काहीतरी कॉम्प्युटरचे" करणार, अशी घरोघरची वाटणी ठरलेली असते. म्हणून डिझाइनकडे कोणी गंभीरपणे पाहत नाही. वास्तविक शाळेत होणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमध्ये या धंद्याचा पाया घालून दिलेला आहे. संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन हे सारे तेथे असते. ज्याने हे विषय मन लावून केले त्याला कोरलड्रॉ शिकायला फार दिवस लागत नाहीत. उलट बाजूने मात्र तसे होत नाही.

विद्यार्थ्याचे प्रोजेक्ट खरे कशाने होते?

माझे मत साधे आहे. ज्या प्रोजेक्टला गिऱ्हाईक नाही ते प्रोजेक्ट नव्हे, तो सराव झाला. सराव हवाच, पण धंद्याची समज येते ती समोर माणूस बसल्यावर, त्याने "हे नको, ते हवे" म्हटल्यावर, आणि छापून आलेला कागद हातात घेतल्यावर. असे गिऱ्हाईक मुलांना वर्गात मिळत नाही. ते आपणच, म्हणजे दुकानदार आणि कारागिरांनीच व्हावयाचे आहे. एखादे लहान काम, जसे बिलबुक, दरपत्रक, गाडीची पाटी, मसाल्याचे पाकीट, ठरवून विद्यार्थ्याला द्यावे. ते मोफत करून घेऊ नये आणि घाईतही करून घेऊ नये. साधारण पंधरा दिवसांची मुदत द्यावी.

एक उदाहरण घेऊन पाहू. आपल्या गावाच्या नावाने विकला जाणारा निलंगा राईस सर्वांना ठाऊक आहे. लातूरला आणि पुण्यालाही या नावाच्या गाड्या लागतात. समजा, अशाच एका गाडीवाल्याने कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलाला पाटी करायला सांगितली. मुलगा विचारतो, "चाचा, पाटीवर काय काय पाहिजे?" चाचा म्हणतात, "सगळं टाक बेटा. नाव टाक, मोबाईल नंबर टाक, भाव टाक, भाताची प्लेट टाक, माझा फोटो टाक, आणि आमच्याकडं पार्सल मिळेल तेबी टाक."

इथेच कच्चा मुलगा कॉम्प्युटर सुरू करतो आणि सहाही गोष्टी फ्लेक्सवर कोंबतो. पक्का मुलगा कॉम्प्युटरला हात लावत नाही. तो पहिले दोन दिवस गाडीजवळ उभा राहतो. लोक कोणत्या बाजूने येतात, गर्दी सकाळची की दुपारची, गिऱ्हाईक तोंडाने काय विचारते, हे पाहतो. बहुतेक जण भाव विचारत असतील तर भाव मोठा हवा. ओळखीचेच गिऱ्हाईक असेल तर फोटोची गरज नाही. मोबाईल नंबर गाडीवर येणाऱ्याला लागत नाही, तो पार्सलच्या कागदावर हवा, कारण कागद घरी जातो. हे सर्व तो एका कागदावर लिहून काढतो: पाटी कोणासाठी, किती अंतरावरून वाचायची, तीवर कोणत्या तीन गोष्टी असाव्यात, खर्च किती, कधी द्यायची. त्या कागदावर चाचांची सही घेतो. ही सही भांडणासाठी नसते. आठव्या दिवशी "फोटो का नाही?" हा प्रश्न येतो तेव्हा ती उपयोगी पडते.

मग मापे. पाटी चार फूट लांब आणि दोन फूट उंच आहे असे धरा. पाटीवाल्यांचा जुना ठोकताळा असा की दर दहा फूट अंतराला अक्षर एक इंच उंच हवे. रस्त्याच्या पलीकडची बाजू चाळीस फुटांवर असेल तर चार इंचांपेक्षा लहान अक्षर चालणार नाही. लांबी ४८ इंच, दोन्ही कडांना तीन तीन इंच सोडले की ४२ उरले. "निलंगा राईस" यात सहा अक्षरे, दोन काने, एक वेलांटी आणि मधली मोकळी जागा धरली की आठ-नऊ घरे होतात. एका घराला पाच इंच आले. म्हणजे नाव एका ओळीत नीट बसते आणि खाली भावाला जागा उरते. हे गणित पाटीच्या मागच्या बाजूला खडूने होते. त्याला कॉम्प्युटर लागत नाही. घरात जुना पेंटर असेल तर मुलाने त्याच्याकडूनच ते शिकावे.

यानंतर कागदावर पेन्सिलीने लहान लहान आराखडे काढावेत, काडेपेटीएवढे, निदान दहा. पहिले तीन सर्वांचे सारखेच निघतात, वेगळे काही सुचते ते त्यानंतर. त्यातील दोन निवडून चाचांना दाखवावेत. रंग भरलेले, चकचकीत चित्र इतक्या लवकर दाखवू नये. रंगीत चित्र पाहिले की गिऱ्हाईक रंगावर बोलू लागते आणि मांडणीची चर्चा राहून जाते.

आखणीला कमी लेखणाऱ्यांनी शेजारच्या बिदरला जाऊन बिदरी काम पाहावे. जस्त आणि तांब्याच्या मिश्रणातून ओतलेले भांडे घासून गुळगुळीत करतात, मग त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवून ते तात्पुरते काळे करतात. हे कशासाठी, तर पोलादी टोकाने काढलेली नक्षीची रेघ स्वच्छ दिसावी म्हणून. त्या रेघेवरून छिन्नी चालते आणि त्या खाचेत चांदी बसते. शेवटी किल्ल्यातील माती आणि नवसागर लावून जमीन कायमची काळी होते आणि चांदी तशीच पांढरी चमकते. छिन्नी लागल्यावर रेघ पुसता येत नाही, म्हणून सारा विचार आधी. कॉम्प्युटरवर चूक एका कळीने मागे घेता येते, त्यामुळे आमची मुले विचार पुढे ढकलतात. छापलेला हजार कागद मात्र मागे घेता येत नाही.

आखणीचे आणखी जवळचे उदाहरण निलंग्यातच घडलेले आहे. २०१९ च्या शिवजयंतीला येथे सुमारे सहा एकर शेतात गवत उगवून शिवाजी महाराजांचे चित्र साकारले गेले. मंगेश निपाणीकर या कलाकाराचे ते काम वर्तमानपत्रांतून गाजले. जमिनीवर उभ्या माणसाला ते चित्र दिसत नाही, उंचावरूनच दिसते. तेव्हा बी टाकण्यापूर्वी प्रत्येक वळण कोठे येणार हे मोजून ठेवल्याशिवाय असे काम होणेच शक्य नाही.

कॉम्प्युटरवर बसल्यानंतरच्या चुका

आता कॉम्प्युटर. येथे ज्या चुका वारंवार होतात त्यांनी दुकानदाराचे पैसे बुडतात, म्हणून त्या दोन्ही बाजूंनी माहीत असाव्यात.

पहिली चूक फोटोची. दुकानदार व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो. पाठवताना तो आपोआप लहान होतो, लांबीत साधारण १६०० बिंदू उरतात. साडेतीन इंचांच्या व्हिजिटिंग कार्डावर तो उत्तम छापतो, कारण एका इंचाला साडेचारशेवर बिंदू मिळतात. तोच दहा फुटांच्या फ्लेक्सवर ताणला तर इंचाला जेमतेम १३ बिंदू येतात आणि माणसाचा चेहरा फरशीसारखा दिसतो. कार्ड किंवा पत्रकासाठी इंचाला ३०० बिंदू, मोठ्या फ्लेक्ससाठी ७२ ते १०० बिंदू असावेत. फोटो द्यायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, किंवा सरळ पेनड्राइव्हवर द्यावा.

दुसरी चूक रंगाची. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो: लाल, हिरवा, निळा. छापखाना शाईने छापतो: आकाशी, गुलाबी, पिवळा आणि काळा. पडद्यावर दिसणारा झगझगीत पोपटी हिरवा या चार शाईंतून निघतच नाही, छापल्यावर तो मळकट होतो. आपल्या लोकांना हिरव्याची हौस आहे, त्यामुळे हे भांडण आपल्याच दुकानांत जास्त होते! काम सुरू करतानाच फाईल छपाईच्या चार रंगांत ठेवावी आणि शक्य तर एक नमुना छापून उन्हात पाहावा. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवावा. चारही शाया मिसळून केलेला काळा जरासा सरकला तरी अक्षराला रंगीत सावली येते. स्क्रीन प्रिंटिंग करणार असाल तर प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, म्हणजे रंग वाढला की खर्च वाढला. दोन रंगांत सुंदर पार्सल पिशवी करून दाखवणे ही विद्यार्थ्याची खरी परीक्षा आहे.

कडेला तीन मिलिमीटर रंग बाहेर सोडावा, म्हणजे कापताना पांढरी रेघ राहत नाही. मजकूर मात्र कडेपासून तेवढाच आत घ्यावा. एवढे पुरे.

पैसे घेण्याच्या क्यू.आर. कोडबद्दल एक सूचना. हा कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत तयार झाला, तो मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. त्याच्या चारही बाजूंना पांढरी मोकळी जागा लागते. ती कापून कोड नक्षीत बसवला तर मोबाईल तो वाचत नाही. काळ्या जमिनीवर पांढरा कोडही करू नये. आणि तो मुख्य फ्लेक्सवर छापूच नये असे मी म्हणेन. बँक खाते बदलले की सारी पाटी वाया जाते. वेगळे लहान कार्ड करावे आणि मालकाने रोज सकाळी पाहावे की त्यावर दुसऱ्या कोणाचा कोड चिकटवलेला नाही ना.

तीन लिप्यांचे काम

आपल्या भागात पत्रिका, पाटी आणि पत्रक यांवर देवनागरी, उर्दू आणि रोमन अशा तीन लिप्या एकत्र येतात. हे काम बाहेरच्या डिझायनरला सहसा जमत नाही. आपल्या मुलांना ते जमू शकते, आणि हीच त्यांची कमाईची जागा आहे.

देवनागरीला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असतात. रोमनसाठी ठरवलेले ओळींमधील अंतर ठेवले की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. उर्दूच्या नस्तालीकला त्याहून जास्त जागा लागते, कारण शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो. फोटोशॉपमध्ये भारतीय लिपीची मांडणी निवडलेली नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षर फुटते. असे फुटलेले शब्द छापलेली पत्रके आपण सर्वांनी पाहिली आहेत. मुलाला ते दिसले नाहीत, कारण त्याने वाचले नाही, फक्त पाहिले.

श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेला की अगम्य खुणा दिसतात. म्हणून नवीन काम युनिकोडमध्ये करावे. विंडोजबरोबर येणारा मंगल हा फॉन्ट रा. कृ. जोशी यांनी घडवला. जाहिरात क्षेत्रात नाव कमावून नंतर मुंबईच्या आय.आय.टी.त शिकवणारे हे मराठी गृहस्थ हाताने अक्षरे लिहिणारे मोठे सुलेखनकार होते. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेले मुक्ता आणि बलू हे फॉन्ट तर मोफत आहेत. उर्दूकडे पाहिले तरी हीच गोष्ट दिसते. मिर्झा अहमद जमील या खत्तातांनी आपल्या हाताने सुमारे २०,००० जोड लिहिले आणि १९८१ साली मोनोटाइप कंपनीच्या यंत्रावर नूरी नस्तालीक अवतरले. १९९४ मध्ये आलेल्या इनपेजने ते आपल्याकडील छापखान्यांत घरोघरी नेले. दोन्ही लिप्या कॉम्प्युटरवर आणणारी माणसे आधी हाताचे कारागीर होती.

पाटीबाबत कायदाही लक्षात ठेवावा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून लहान दुकानांनाही मराठीत, देवनागरी लिपीत नाव लिहिणे बंधनकारक आहे आणि ती अक्षरे इतर कोणत्याही भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. उर्दू किंवा इंग्रजी नाव अवश्य घालावे, पण आखणी करतानाच मराठी अक्षराचे माप आधी ठरवावे.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्याने न विसरता विचारावी. पार्सलचा कागद, खोके, पत्रक हे शेवटी रस्त्यावर पडते आणि पायदळी जाते. त्यावर पवित्र मजकूर नको. हे मालकाला घाईत सुचत नाही, छापून झाल्यावर मात्र दोघांनाही रुखरुख लागते.

पाकीट करायचे असेल तर

घरी मसाला, लोणचे, शेवया करून विकणाऱ्या भगिनी आता बऱ्याच आहेत. पाकिटाचे प्रोजेक्ट विद्यार्थ्याला सर्वांत जास्त शिकवते, कारण येथे मजकूर आपल्या मर्जीचा नसतो. मालाचे नाव, तयार करणाऱ्याचे किंवा भरणाऱ्याचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क, घटक पदार्थ, किती दिवसांत वापरावे, अन्न सुरक्षा विभागाचा १४ आकडी क्रमांक आणि शाकाहाराचे हिरव्या चौकोनातील हिरवे वर्तुळ, एवढे सारे बसवावे लागते. मांसाहारी पदार्थासाठी आता तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो. अन्नपदार्थाचा आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवाच, मराठी त्याच्या जोडीला घालता येते. हे आधी कागदावर मांडून, मग उरलेल्या जागेत चित्र. बरेच जण आधी चित्र मोठे करतात आणि वजन लिहायला जागा राहत नाही.

पैशाचे आणि फाईलचे

"घरचाच पोरगा आहे, त्याला कसले पैसे?" हे वाक्य थांबले पाहिजे. पेंटरला आपण रंगाचे वेगळे आणि हाताचे वेगळे देत होतो. विद्यार्थ्याला कमी द्या, पण आधी ठरवून द्या आणि दुरुस्त्या किती वेळा करायच्या तेही ठरवा. दोन वेळा पुरे. मुलानेही इंटरनेटवरून दुसऱ्याचे चित्र उचलून विकू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ते दुसऱ्याची मालमत्ता आहे. चोरीच्या कोरलड्रॉवर धंदा उभारण्याऐवजी इंकस्केप आणि गिंप ही मोफत सॉफ्टवेअर शिकावीत, लहान कामे त्यांवर उत्तम होतात.

दुकानदाराने फ्लेक्स घेऊन समाधान मानू नये. छपाईची पी.डी.एफ. आणि बदल करता येईल अशी मूळ फाईल, दोन्ही मागून घ्याव्यात, वापरलेल्या फॉन्टची नावेही लिहून घ्यावीत. नाहीतर पुढच्या वर्षी भाव बदलताना सारे नव्याने करावे लागते. बोधचिन्ह करून घेतले असेल तर त्याचे हक्क दुकानाकडे दिल्याचे दोन ओळींचे लिखाण सहीने घ्यावे, कारण असे हक्क तोंडी दिलेले कायद्याला चालत नाहीत.

ज्याला हे काम मनापासून आवडते त्याच्यासाठी पुढची वाट आहे. काही आय.टी.आय.मध्ये डी.टी.पी. ऑपरेटरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतो. पदवीपर्यंत जायचे तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कला महाविद्यालय आणि मुंबईचे सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय आहे. तेथे प्रवेश परीक्षा असते. चाचांच्या पाटीचा तो सही केलेला कागद, दहा पेन्सिलीचे आराखडे आणि लावलेल्या पाटीचा फोटो असे एकत्र जपून ठेवावे. नोकरी मागताना किंवा नवे गिऱ्हाईक धरताना कॉफीच्या दुकानाच्या खोट्या पोस्टरपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

पाटी लागल्यावरही काम एक दिवस शिल्लक असते. पंधरा दिवसांनी मुलाने पुन्हा गाडीजवळ जाऊन उभे राहावे आणि लोक अजून काय विचारतात ते ऐकावे. भाव लिहिलेला असूनही लोक भावच विचारत असतील तर तो त्यांना दिसत नाही. तसे त्याच पहिल्या कागदाच्या मागे लिहून ठेवावे आणि चाचांना विचारून तेवढा आकडा मोठा करावा.